रोवणीचा उलटा शॉट

ते तिघं पहिल्यांदा माझ्या स्टुडिओत आले तेव्हा मी त्यांना जवळजवळ हाकलूनच दिलं होतं. लग्नसराई डोक्यावर होती. माझं दुकान लाखनीला, अगदी हायवेला लागून. ट्रक गेला की भिंतीवरचे नवरा-नवरी थरथरतात आणि अल्बमवर धूळ बसते. त्या धुळीत मी एका हळदीच्या व्हिडिओशी झटत बसले होते. समोर दोन मुलगे आणि एक मुलगी येऊन उभी राहिली. त्यांतला उंच मुलगा म्हणाला, "ताई, आमचा बँड हाये. व्हिडिओ काढाचा हाये."

मी मान वर न करता विचारलं, "वरात कुठून निघणार?"

त्याचा चेहरा पाहायला मी मान वर केली असती तर बरं झालं असतं. आमच्याकडे बँड म्हणजे लाल कोट, पितळी बाजा आणि घोडीपुढे नाचून घामाघूम झालेले मामा. मी हयातभर तेच बँड चित्रित केले आहेत. "वरात नाही ताई," मुलगी हसत म्हणाली, "गाण्याचा बँड. आमी गाणे बनवतो."

उंच मुलगा गिटार वाजवायचा. दुसरा बुटका आणि गोल, तो एका लाकडी खोक्यावर बसून त्याच खोक्यावर ताल धरायचा. मुलगी गायची. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यांची थोडी वाहवा झाली होती आणि मोबाइलवर त्यांचं एक गाणं लोक ऐकत होते. पण त्या गाण्यावर तिघांचा एक फोटो तेवढा चिकटवलेला, गाणं संपेपर्यंत तो फोटो हलत नाही. आता त्यांना हलणारं चित्र हवं होतं. बजेट विचारलं तर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, त्यातच मी काय ते समजले.

"गा पाहू," मी म्हटलं. कटवायचा एक मार्ग म्हणून म्हटलं, खोटं कशाला बोलू.

ती माझ्या फोटोच्या, बर्फाचे डोंगर रंगवलेल्या पडद्यासमोर उभी राहिली. आणि गायला लागली: "मागं सर वो बाई, मागं सर, हातची मूठ चिखलात धर." पहिल्या दोन ओळी तिच्या आईच्या, धानाच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत, बायका म्हणतात त्यातल्या. पुढचं सगळं तिचं. आवाज जरा जाड, मातीचा, कुठेही लाडात न येणारा. मी हातातला माउस सोडून दिला. फक्त एक गंमत मला दिसली. गाताना ती हळूहळू मागे सरकत होती, एकेका ओळीला एकेक पाऊल. गाणं संपलं तेव्हा तिची पाठ बर्फाच्या डोंगराला टेकली होती.

"पुढे ये ना," मी म्हटलं, "खाते का मी तुला?"

"सवय हाये ताई," ती म्हणाली. एवढंच.

मग चहा आला आणि चहाबरोबर खरी गोष्ट बाहेर आली. तिचं गाव तुमसरच्या पुढे, आंबागडच्या पायथ्याशी. तिची आई रोवणी करणाऱ्या बायकांच्या टोळीची पुढारीण. येती दिवाळी झाली की मुलीनं नागपूरला मावशीकडे राहून नर्सिंग शिकायचं, असं आईनं ठरवून टाकलं होतं. मुलीला गायचं होतं. आई नाही म्हणत नव्हती आणि हो तर मुळीच म्हणत नव्हती. व्हिडिओ काढा म्हणाली होती, पण गावातल्या बायकांना आधी दाखवायचा आणि त्यांनी नापसंत केला तर विषय तिथेच संपला. मुलगी नागपूरला गेली की बँडात एक गिटार आणि एक खोकं तेवढं उरणार होतं, म्हणून दोन्ही मुलगे माझ्याकडे असे पाहत होते जणू मीच ती आई.

मी हो म्हटलं ते त्या आवाजासाठी. शिवाय मलाही हळदी आणि वराती काढून काढून कंटाळा आला होता. एकदा तरी असं काही काढावं, ज्यात कोणी केक भरवत नाही, असं फार दिवस वाटत होतं.

आईला भेटायला मी गावी गेले. घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीवजा छपरीत, ती लाखोरीची डाळ पाखडत बसली होती. बाई उंच, हाडापेराने मोठी, आणि बोलण्याआधी माणसाला पुरतं पाहून घेणारी. मी माझी सगळी कल्पना सांगितली: उन्हाळी धानाची रोवणी चालू आहे, मागे आंबागडचा डोंगर, पुढे रोवणाऱ्या बायका, त्यांच्यात तुमची मुलगी गाते आहे. तिनं सूप खाली ठेवलं.

"बाई, माह्यासंगं ज्या बाया येतात त्या माह्या शब्दावर येतात," ती म्हणाली. "चिखलात लुगडं वर खोसा लागते. वाकून काम रायते. मोबाइलवाले रस्त्यानं जातात आन मागून काढतात, मंग हासत हिंडतात. तुमी मागून काढाचं नाही. बायाचे तोंड दिसले पाहिजे."

"शब्द देते, मावशी," मी म्हटलं.

शब्द देणं सोपं असतं. रोवणी कशी करतात हे मला काही नवीन नव्हतं, या जिल्ह्यात जन्म गेला माझा. पण पाहिलेलं आणि कॅमेऱ्यातून पाहिलेलं यात फरक पडतो. उन्हाळी धान म्हटलं तरी रोवणी ऐन थंडीत होते, शूटिंगच्या दिवशी पहाटेचं धुकं होतं. पाणी इतकं गार की ऊन पडेपर्यंत एकही बाई बांधीत उतरेना. बांधी म्हणजे आमच्याकडे धुऱ्यांनी, म्हणजे मातीच्या बांधांनी, अडवलेला धानाचा तुकडा. सगळ्या जणी धुऱ्यावर बसून तंबाखू मळत आमच्याकडे पाहत होत्या. एकीनं खोक्यावाल्याला विचारलं, "कावून गा, बँडवाले ना तुमी? माह्या नातीच्या लग्नाले येता का?" तो पोरगा इतका नम्र की त्यानं तारीख विचारली.

ऊन आलं. बायका उतरल्या. त्यांच्या रांगेत मध्यभागी मुलगी, शेजारी तिची आई. मी कॅमेरा समोरच्या धुऱ्यावर ठेवला, अगदी खाली, म्हणजे वाकलेल्या चेहऱ्यांच्या उंचीवर. शब्द दिलेला होता ना. मोठ्या स्पीकरवर गाणं लावलं आणि ओरडले, "अॅक्शन!"

आणि माझी सगळी रांग कॅमेऱ्यापासून दूर जायला लागली.

जाणारच. रोवणी मागे सरत करतात. हातातल्या जुडीतले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, समोर रोवायचे आणि एक पाऊल मागे यायचं. गाण्याची पहिलीच ओळ ते सांगत होती, ते गाणं मी महिनाभर ऐकत होते, आणि तरी माझ्या डोक्यातल्या चित्रात त्या सगळ्या जणी गात गात माझ्याकडे चालत येत होत्या. समोरून काढावं तर बाया पळून गेल्यासारख्या लहान लहान होत जातात. जवळ येताना काढायचं तर मागून काढावं लागतं, आणि मागून काढायचं नाही. मला घाम फुटला, त्या थंडीत.

"मावशी, जरा पुढे या ना सगळ्या!" मी धुऱ्यावरून ओरडले.

आईनं मान वर केली. "पुढं आलो त रोवलेलं कोन तुडवन? तू?"

अशी माझी तुमीवरून तूवर बदली झाली, आणि सगळी बांधी हसली. मी मात्र चिडले होते. आणखी एक अडचण होती. वाकलेल्या बायका चिखलाकडे पाहतात, कॅमेऱ्याकडे नाही, त्यामुळे समोरून काढूनही मला दिसत होते ते भांग आणि पदर. "वर पाहा" म्हटलं की सगळ्या जणी एकदम आधारकार्डाच्या फोटोसारख्या ताठ होत.

चेहरे शेवटी मिळाले ते असे. धुऱ्याच्या अलीकडची बांधी चिखलून तयार होती, अजून रिकामी. तिथे गिटारवाल्याचे शॉट घ्यायचे होते, आणि त्यासाठी लागणारी, कॅमेरा सरकवायची ट्रॉली आमच्याकडे नव्हती. चिखल सारखा करायची लांब लाकडी फळी होती. आधी नुसतं करून पाहू म्हणून मी दुसरा कॅमेरा घेऊन फळीवर बसले, दोघा मुलांनी दोर ओढायचा, फळी चिखलावरून लोण्यासारखी सरकते. सरकलीही. मग खोक्यावाल्याचा पाय रुतला, त्यानं दोर सोडला, गिटारवाल्यानं सोडला नाही, आणि दिग्दर्शिका बाई कॅमेरा दोन्ही हातांनी आभाळात धरून पाठीवर चिखलात गेल्या.

रांग अजून धुऱ्याजवळच होती, आणि पलीकडच्या बांधीत काय हशा पिकला! एकूणएक बाई कंबर सरळ करून, तोंडावर चिखलाचे हात धरून हसत होती. मुलगी हसत होती, आई हसत होती, ती तर डोळे पुसत होती. आणि धुऱ्यावरचा कॅमेरा चालूच होता.

घरी येऊन एडिटला बसले आणि मला ती अक्कल सुचली. हे सगळं उलटं चालवलं तर? मी धुऱ्यावरच्या कॅमेऱ्याचे तीन तुकडे काढले, दूरचा, मधला आणि जवळचा. तिन्ही उलटे करून जोडले. आता बायका लांबून निघायच्या, डोंगराच्या पायथ्यापासून, आणि एकेक पाऊल टाकत थेट माझ्याकडे यायच्या. अगदी जवळ आल्या की सगळ्यांचे चेहरे हसत वर. त्या जागी गाण्यात नुसती गिटार होती, त्यामुळे ओठांचा प्रश्नच नव्हता. मी तो शॉट पुन्हा पुन्हा पाहिला. सांगते ना, सुंदर होता. आजही म्हणेन. शब्दही पाळला होता, चेहरेही होते, बायका पुढेही येत होत्या. माझी मीच पाठ थोपटून घेतली. बँडला दाखवला तर तिघंही नाचले. आमच्या चौघांच्या आठ डोळ्यांना जे दिसलं नाही ते पाहायला अजून थोडे दिवस होते.

शेतातली कामं आटोपल्यावर एका दुपारी त्याच सपरीत टीव्ही बाहेर आणून मांडला. सगळ्या बायका आल्या, डोक्याला तेल लावून, नीट लुगडी नेसून. मुरमुरे झाले, चहा झाला. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पुढे येऊन बसेना. आई टीव्हीच्या अगदी समोर.

व्हिडिओ सुरू झाला. "ते पाय वो, ते मी!" "माह्यं लुगडं कसं दिसते पाय!" अशी मजा चालली होती. गिटारवाला चिखलात उभा राहून डोळे मिटून वाजवतो तिथे तर एकीनं त्याला विचारलं, पोटात दुखत होतं का. मी निवांत झाले. मग तो शॉट आला.

सगळ्या जणी पुढे वाकून पाहायला लागल्या. मला वाटलं, भारावल्या. मग टोळीतली सगळ्यांत म्हातारी, जिला सगळ्या बुढीमाय म्हणतात, तिनं छातीवर हात ठेवला. "माय वो! आमी त उपटून रायलो!"

तेव्हा मी पहिल्यांदा त्या शॉटमधल्या हातांकडे पाहिलं. बायका हसऱ्या चेहऱ्याने पुढे येत होत्या आणि येता येता रोवलेला एकेक पऱ्हा चिखलातून ओढून काढून मुठीत गोळा करत होत्या. मागे हिरवं काही उरत नव्हतं, नुसता चिखल. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

सपरीत एकच कल्ला झाला. बांधीत पीक उभं आहे आणि टीव्हीत ते उपटून दाखवता? हातानं रोवलेलं हातानं उपटतं का कोणी? गिटारवाला बिचारा मधे पडला. "उलटं चालवलं हाये ते, आजी. रिव्हर्स. गाडी घेतो ना मागं, तसं."

"गाडी मागं घेतली त डांबर उखडते का रे?" बुढीमायनं विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी बोललेच. म्हटलं, "अहो, ते खरं थोडंच आहे? चेहऱ्यांसाठी केलं सगळं. केवढी मेहनत लागली मला!"

"तुयी मेहनत बसून झाली बाई," आई म्हणाली, "आमची वाकून."

ती रागावलेली नव्हती, हेच वाईट. मी दाराकडे पाहिलं. मुलगी अर्धी घरात गेली होती. तिचा एक हात चौकटीवर तेवढा दिसत होता. माझी हौस झाली आणि हिचं गाणं गेलं, असं मला त्या क्षणी स्पष्ट वाटलं, आणि स्वतःचा इतका राग आला की रडू येईल की काय असं झालं.

"तोंड दिसते," आई टीव्हीकडे पाहत म्हणाली. "शब्द पाळला तू. पन हे काम आमचं नाही. सुलटं हाये का तुयापाशी?"

होतं. लॅपटॉपमध्ये जसं काढलं तसं सगळं पडून होतं. मी वायर जोडली आणि लावलं. बायका जवळ, हसणारे चेहरे वर. मग सगळ्या वाकल्या आणि मागे सरायला लागल्या. मागे, आणखी मागे. चेहरे लहान होत गेले, आणि कॅमेऱ्यापासून त्यांच्या हातांपर्यंत रांगेमागून रांग हिरवं भरत आलं. शेवटी त्या डोंगराच्या पायथ्याशी ठिपक्यांएवढ्या, आणि मधे सगळी बांधी रोवलेली. मी हा तुकडा कितीदा पाहिला होता आणि दर वेळी वाटलं होतं, छे, यात बाया निघून जातात.

बुढीमाय म्हणाली, "आता आमची रोवणी दिसली." आणि मग लगेच, "एवढं कायले हासून रायलो होतो वो आपून?"

मग काय विचारता. मी पडले ते दाखवा, असा धोशा सुरू झाला. दुसऱ्या कॅमेऱ्यात ते होतं, आधी आभाळ, मग माझी चप्पल, मग पुन्हा आभाळ आणि माझ्या तोंडची शिवी. ते तीनदा लावावं लागलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. त्या हसण्यातच कोणीतरी म्हणून गेलं, "चांगलं हाये गाणं. जाऊ द्या मोबाइलवर." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"ते उलटं पुसून टाक," आई म्हणाली. "आमच्यासमोर."

मी पुसलं. मनातून हळहळले, पण पुसलं. मुलगी आता पुरती बाहेर आली होती आणि आईकडे पाहत होती. आईनं कप गोळा करायला घेतले. "बाया हो म्हनतात, त जाऊ दे गानं," ती कपांना म्हणाली. "पोट्टीचं दिवाळीनंतर पाहू."

म्हणजे गाणं पास झालं होतं, मुलगी नाही.

त्या जागी सुलटा शॉट घालून गाणं मोबाइलवर गेलं आणि आपल्या पायांनी चालायला लागलं. लाखनीच्या चहाटपरीवर मी ते ऐकलं. एका लग्नात नवरीच्या मैत्रिणींनी म्हटलं. आणि दिवाळीनंतर तिच्याच गावच्या मंडईत बँडला बोलावणं आलं. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा. पाहुणे येतात, दुपारी दंडार नाचतात, रात्री नाटक. बँडला दुपारची वेळ मिळाली, दंडार संपल्यावरची. माइकवर त्यांचं नाव पुकारलं ते "बँडपार्टी" म्हणूनच, त्याला इलाज नाही. नागपूरच्या मावशीनं खोली रिकामी करून ठेवली होती, हे मुलीनं मला स्टेजच्या मागे सांगितलं. आई अजून काहीच बोलली नव्हती. आज ऐकायला येईल की नाही, तेही माहीत नव्हतं.

मी कॅमेरा घेऊन स्टेजच्या पुढ्यात, जमिनीवर. ती गायला लागली आणि मी कपाळाला हात लावला. मागं सर वो बाई, मागं सर. एक ओळ, एक पाऊल मागे. माइक तिथेच उभा आणि ही त्याच्यापासून दूर चाललेली. आवाज बारीक होत होता. मी हातानं खुणा करत होते, पुढे, पुढे ये, पण तिची नजर समोरच्या गर्दीत कोणाला तरी शोधत होती. दुसरं कडवं संपता संपता ती खोक्यावाल्याच्या अंगावर जाणार, एवढंच अंतर राहिलं. मागची माणसं उठायला लागली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने, अगदी मधून, एक आवाज आला. बांधीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायची सवय असलेला.

"पुढं ये वो पोट्टी! इथं कोनी रोवलं नाही!"

सगळा मांडव हसला. बायका तर टाळ्या पिटून हसल्या. मुलीनं आईला पाहिलं, मीही मान वळवून पाहिलं. ती टोळीच्या मधोमध उभी होती आणि दोन्ही हातांनी पोरीला पुढे बोलावत होती, पुन्हा पुन्हा.

मुलगी पुढे आली. माइकपाशी आली, तो हातात घेतला आणि आणखी पुढे आली, स्टेजच्या अगदी काठावर. ती गात होती आणि माझ्या कॅमेऱ्यात मावत नव्हती. मग तिला चौकटीत ठेवायला मीच एकेक पाऊल मागे सरत गेले.